पाल झोपेना, सोफ्याचा रंग ठरेना

एक होती पाल. पिटुकली पाल. शेपटीसकट मोजली, तरी तुमच्या बोटाएवढी.

ती राहायची खांबेट्यांच्या घरी, सोफ्यात. सोफ्यावर नाही हं, सोफ्यात. सोफ्याच्या पाठीला होतं एक भोक. भोकातून आत गेलं, की मऊ मऊ कापूस. आणि छान काळोख. पाली दिवसा झोपतात. पिटुकली पण झोपायची. गुडुप.

पण सोफा झाला जुना. कापड विटलं. स्प्रिंगा वर आल्या. बाबा बसले, की कुईंऽऽ. मग आले सोफेवाले इस्माईलचाचा. त्यांनी जुनं कापड ओढलं. फर्रर्र. जुना कापूस काढला. भसाभस. उरली नुसती लाकडं आणि स्प्रिंगा. मधोमध बसली पिटुकली, टकामका बघत.

गेलं घर. गेला काळोख. गेली झोप.

एक दिवस गेला. दोन गेले. आठ गेले. सोफा आपला तसाच, उघडा. पिटुकलीचे डोळे चुरचुरायला लागले. डोकं भणभणायला लागलं. ती म्हणाली, "हे काही खरं नाही. आता जाऊन विचारतेच."

सुळसुळ सुळसुळ. पिटुकली गेली गॅलरीत. तिथे बसले होते इस्माईलचाचा.

"चाचा, चाचा, खिळे ठोका ना.
मला झोप मिळेना."

चाचा म्हणाले, "ठोकतो की, बेटी. हातोडी आहे, खिळे आहेत. पण कापड कुठंय? शेठने कापड फाडलं, तर मी खिळे ठोकीन. नाही फाडलं, तर नाही ठोकणार."

आणि चाचा बशीतून चहा प्याले. सुर्रर्र. आठ दिवस ते चहाच पीत होते.

सुळसुळ सुळसुळ. पिटुकली गेली भिंतीवरून खाली. खाली होतं कापडाचं दुकान. दुकानात बसले होते झुंबरशेठ.

"शेठ, शेठ, कापड फाडा ना.
चाचा खिळे ठोकीना,
मला झोप मिळेना."

शेठ म्हणाले, "फाडतो की, पालबाई. दुकान भरलंय कापडाने. मखमल घ्या, सुती घ्या, रेक्झीन घ्या. पण रंग कुठला? आईने रंग सांगितला, तर मी कापड फाडीन. नाही सांगितला, तर नाही फाडणार."

सुळसुळ सुळसुळ. पिटुकली आली पुन्हा वर. बघते तर काय, बाहेरच्या खोलीत कापडाचे तुकडेच तुकडे! पोपटी तुकडा, अबोली तुकडा, शेवाळी, मोरपंखी, आमसुली, वांगी. आई एक तुकडा भिंतीला लावायची. लांब जायची. जवळ यायची. मान वाकडी करायची. मग दुसरा तुकडा लावायची.

"आई, आई, रंग सांग ना.
शेठ कापड फाडीना,
चाचा खिळे ठोकीना,
मला झोप मिळेना."

आई म्हणाली, "काय सांगू गं? सुती मळतं. मखमलीवर धूळ बसते. रेक्झीन उन्हाळ्यात पायाला चिकटतं. आणि मला काय, कुठलाही रंग चालेल. बाबांनी मान हलवली, तर मी रंग सांगीन. नाही हलवली, तर नाही सांगणार."

कुठलाही चालेल म्हणे! मग आठ दिवस भिंतीला काय लावत होती? पण पिटुकलीने नुसती शेपटी हलवली. शहाणी होती ती.

सुळसुळ सुळसुळ. पिटुकली गेली बाबांकडे. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते.

"बाबा, बाबा, मान हलवा ना.
आई रंग सांगेना,
शेठ कापड फाडीना,
चाचा खिळे ठोकीना,
मला झोप मिळेना."

बाबा पेपरामागून म्हणाले, "मला काय, कुठलाही चालेल. घरात मोठी कोण? आजी. आजीने तोंड उघडलं, तर मी मान हलवीन. नाही उघडलं, तर नाही हलवणार."

सुळसुळ सुळसुळ. पिटुकली गेली स्वयंपाकघरात. आजी मटार सोलत होती. टप टप टप.

"आजी, आजी, तोंड उघड ना.
बाबा मान हलवीना,
आई रंग सांगेना,
शेठ कापड फाडीना,
चाचा खिळे ठोकीना,
मला झोप मिळेना."

आजीने एक दाणा तोंडात टाकला. म्हणाली, "मला म्हातारीला काय विचारतेस? मला कुठलाही चालेल. रंगातलं कळतं ते आत्याला. आत्या बोलली, तर मी तोंड उघडीन. नाही बोलली, तर नाही उघडणार."

पिटुकली म्हणाली, "आत्ता उघडलंस की!"

"ते दाणा खायला," आजी म्हणाली.

पिटुकलीचे पाय दुखायला लागले. चार पाय आणि चारही दुखतात! पण आत्या राहायची वरच्या मजल्यावर. मग चढा आणखी एक मजला.

सुळसुळ... सुळ... सुळ. पिटुकली पोचली आत्याकडे. आत्या केस विंचरत होती.

"आत्या, आत्या, बोल ना.
आजी तोंड उघडीना,
बाबा मान हलवीना,
आई रंग सांगेना,
शेठ कापड फाडीना,
चाचा खिळे ठोकीना,
मला झोप मिळेना."

आत्या म्हणाली, "मी कशी बोलू? सोफा काय माझा आहे? मला कुठलाही चालेल. वहिनीने रंग सांगितला, तर मी बोलीन. नाही सांगितला, तर नाही बोलणार."

"वहिनी कोण?" पिटुकलीने विचारलं.

"अगं, खालची आई. तीच माझी वहिनी."

झालं. आई म्हणते बाबा. बाबा म्हणतात आजी. आजी म्हणते आत्या. आत्या म्हणते आई. गोल गोल गोल. पिटुकलीला चक्करच आली.

ती कशीबशी खाली आली. सुळ... सुळ... आणि छताला चिकटून बसली. तेवढ्यात आत्याही आली खाली, चहाला. मग बसले सगळे गोल करून. कुठे बसले? जमिनीवर. सोफा होता कुठे बसायला? मध्ये पसरले होते कापडाचे तुकडे.

आई म्हणाली, "तुम्ही सांगा."

बाबा म्हणाले, "नाही नाही, आजी सांगेल."

आजी म्हणाली, "माझं काही नाही. आत्याला विचारा."

आत्या म्हणाली, "माझं काही नाही. वहिनीला विचारा."

आई म्हणाली, "माझं काही नाही. तुम्ही सांगा."

वरून पिटुकली बघतेय. तिचे डोळे लाल लाल. तिला आला राग. हा एवढा राग! एवढ्याशा पोटात मावेना.

आजीने एक तुकडा उचलला. वांगी रंगाचा, मखमलीचा. त्यावरून हात फिरवला. हळूच म्हणाली, "ही वांगी मखमल बरी दिसेल, नाही? पण माझं काही नाही हं..."

आता मात्र पिटुकलीला राहवेना. तिने तोंड उघडलं. पण रागाने शब्दच फुटेनात. नुसतं आलं,

चुक चुक चुक चुक!

सगळ्यांनी एकदम वर बघितलं. आजीने बोटाने जमिनीवर टकटक केलं. "कृष्ण कृष्ण," म्हणाली. "पाल चुकचुकली. आपण बोलतो आणि पाल चुकचुकते, म्हणजे बोललेलं खरं होणार."

आईनेही केलं टकटक. बाबांनीही केलं टकटक. आत्यानेही केलं टकटक.

पालीच्या पुढे कोण बोलणार? मग काय, सुटली सगळ्यांची तोंडं.

आत्या बोलली, "वांगी छानच आहे."
आजीने तोंड उघडलं, "वांगीच घ्या."
बाबांनी मान हलवली, हो हो हो.
आईने रंग सांगितला, "वांगी मखमल!"
शेठने कापड फाडलं, टर्रर्र.
चाचांनी खिळे घेतले, हातोडी उचलली.

ठक ठक ठक. ठक ठक ठक.

आई म्हणाली, "खरं सांगू? मला पहिल्या दिवसापासून वांगीच आवडला होता."

बाबा म्हणाले, "अगं, मलाही."

आत्या म्हणाली, "आणि मलाही."

ऐकलंत? पहिल्या दिवसापासून! पिटुकली छतावरून ओरडली, "मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?" पण खाली चालली होती ठक ठक ठक. तिचं कोण ऐकणार?

नवा कापूस भरला. भसाभस. नवी मखमल ताणली. गुळगुळीत झाला सोफा. इकडे बघा, गुळगुळीत. तिकडे बघा, गुळगुळीत. कुठे म्हणून भोक नाही.

पिटुकली सगळीकडे फिरली. सुळसुळ सुळसुळ. वर नाही, खाली नाही, पाठीला नाही. आत जायचं कुठून? ती सोफ्याच्या पायाशी बसली. तिचा चेहरा रडवेला झाला.

चाचा मागच्या बाजूला खिळे ठोकत होते. ठक. ठक. ठक. एकच खिळा राहिला, अगदी खालच्या कोपऱ्यातला. चाचांनी हातोडी उचलली. पिटुकलीकडे बघितलं. तिचे लाल लाल डोळे बघितले. आणि हातोडी खाली ठेवली.

बाबा म्हणाले, "चाचा, एक खिळा राहिला की."

चाचा म्हणाले, "राहू दे. तो बेटीचा दरवाजा आहे."

पिटुकलीने कोपऱ्यातून डोकं घातलं. मग पोट. मग शेपूट. सुळकन् आत!

आत मऊ मऊ कापूस. आत छान काळोख.

बाहेर सगळे सोफ्यावर बसले. आई बसली, बाबा बसले, आजी बसली, आत्या बसली. शेठ बघायला आले, तेही बसले. चाचाही बसले, चहा प्याले. सुर्रर्र. केवढा गोंगाट!

पण पिटुकली?

पिटुकली गुडुप.

पाल झोपली, गोष्ट झोपली. आता कोण राहिलं जागं?