घर काय खातं?

"भाडं जमतं पोतंभर आणि खजिन्यात येतं मूठभर! मधलं कोण खातं? तूच ना?"

राजा प्रचंडराव असा गरजला की समोर उभ्या येसबाचं पागोटं डोळ्यांवर आलं. राजानं मोठ्या हौसेनं बाजारपेठेत घरं बांधून भाड्यानं दिली होती आणि त्यांची देखभाल हा येसबा करायचा. माणूस इतका सरळ, की स्वतःच्या परसातली भेंडीसुद्धा बायकोला विचारून तोडायचा.

"मी नाही, महाराज, घरंच खातात!" तो चाचरत म्हणाला. "तुळयांना वाळवी लागली. विहिरीचा गाळ काढावा लागला. दोन घरं दिवाळीपासून रिकामी पडलीत. आणि तो अत्तरवाला भाडेकरू तर घर सोडून जाताना दाराची चौकटच उपसून घेऊन गेला!"

"घरं खातात? वा रे वा! हत्ती खातो, घोडा खातो, माझा मेव्हणा दोघांच्या वरताण खातो! पण घर? त्याला तोंड आहे का? पोट आहे का? पंधरा दिवसांत मला घर खाताना दाखव. नाही दाखवलंस, तर गाढवावर बसवून तुझी गावभर धिंड!"

येसबा रडवेला होऊन घरी आला. बायको गोजरा भाकऱ्या थापत होती. त्यानं सगळं सांगितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, घराला कुठलं आलंय तोंड? गेली आपली अब्रू!"

"अहो, तोंड नसेना का! उपाशी ठेवलं की भूक कळतेच," गोजरा म्हणाली. "आधी तुम्ही जेवा."

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून दरबारात हजर झाली.

"महाराज, घर काही खात नाही, हे तुमचंच म्हणणं ना?"

"माझंच! आणि माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

"मग राजवाडा तरी काय, घरच की! पंधरा दिवस त्याला उपाशी ठेवा. सुतार नको, गवंडी नको, मोरी उपसणारा नको, कडीला तेलाचा थेंब नको. तेवढ्या दिवसांत त्यानं काही मागितलं नाही, तर नवऱ्याच्या मागं गाढवावर मीही बसते!"

"मंजूर!" राजानं मांडीवर थाप मारली. हट्टी माणसाचं हे बरं असतं, त्याला ढकलावं लागत नाही.

मग काय विचारता! माकडांनी कौलं सरकवली, दरबारात ऊन उतरलं. राजा घाम पुसत न्यायनिवाडे करू लागला. उंदरांनी गाद्या पोखरल्या, राणी फणकाऱ्यानं माहेरी गेली. न्हाणीघराची मोरी तुंबली. राजा रोज घोटाभर पाण्यात उभा राहून अंघोळ करायचा, पण मोरी उपसा म्हणून काही म्हणेना!

मुदत संपायला एकच दिवस उरला. राजा न्हाणीघरात डोक्याला शिकेकाई चोळून उभा होता आणि नेमकं घंगाळातलं पाणी संपलं. पाण्यानं फुगलेलं दार त्यानं आत शिरताना जोर लावून लोटलं होतं, ते आता उघडेना. त्यानं कडी ओढली, तर कडीच हातात आली!

"अरे, कोण आहे तिकडे? सुतार बोलवा!"

नोकर घाबरले. सुतार बोलवावा तर पैज मोडते, न बोलवावा तर राजा अडकतो! ते धावत गोजराकडे गेले. ती येसबाला मागं घेऊन सावकाश आली आणि दाराबाहेर उभी राहिली.

"काय झालं, महाराज?"

"दार उघडत नाहीये! सुतार आण!"

"सुतार कशाला? घर तर काही खात नाही ना?"

आतून एक शिंक आली. मग दुसरी. तेवढ्यात दरबार भरल्याची नौबत वाजली.

"खातं! घर खातं!" राजा किंचाळला. "दार खातं, कडी खाते, मोरी तर मेव्हण्याहून जास्त खाते! तुझा नवरा निर्दोष आहे, बाई! पण सुतार आण, डोळ्यांत शिकेकाई गेलीय!"

सुताराला गोजरा सोबतच घेऊन आली होती. दार उघडलं. राजा पंचा गुंडाळून बाहेर आला, एक डोळा मिटलेला, एक लालबुंद. राजानं गोजराकडे पाहिलं, मग हातातल्या कडीकडे पाहिलं आणि तो खो खो हसत सुटला.

"येसबाची धिंड रद्द! त्याला हत्तीवरून मिरवा! आणि गोजरा, पेठेतलं सगळ्यात मोठं घर तुला बक्षीस!"

येसबा आनंदानं पाया पडायला वाकला, तोच गोजरानं त्याला कोपरानं ढोसलं.

"घर नको, महाराज! ते तुमच्याकडेच असू द्या," ती म्हणाली. "मला फक्त त्याचं भाडं द्या!"

"दिलं, बाई, दिलं!" हसता हसता राजाला पंचा सावरावा लागला.