आडोशामागचा डाव

फार पूर्वी, म्हणजे कुरणांना कुंपणं घालायची कुणाला गरज वाटत नव्हती तेव्हा, एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावं होती. एक अलीकडचं, एक पलीकडचं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक हिरवंगार कुरण होतं आणि ते दोन्ही गावांना हवं होतं. आधी त्यावरून काठ्या चालत. पुढे शहाण्या माणसांनी काठ्या ठेवायला लावल्या आणि कुरणाचा निकाल खड्यांच्या डावावर सोपवला. होळी झाली की डाव मांडायचा, जो जिंकेल त्याची गुरं त्या उन्हाळ्यात कुरणात चरतील.

डाव असा. उभ्याआडव्या रेघा मारलेला एक मोठा दगडी पट. अलीकडच्यांचे खडे काळे, पलीकडच्यांच्या पांढऱ्या गारगोट्या. आपल्या खड्यांनी पटावरची जास्तीत जास्त जागा घेरायची. समोरच्याचा खडा चहूबाजूंनी कोंडला की तो पटावरून उचलायचा. खेळायला प्रत्येक गावाचे दोघं, आणि दोघांनी आळीपाळीने खडा टाकायचा.

इथवर ठीक होतं. पण जोडीदार एकमेकांना डोळ्यांनी खुणा करू लागले, बघ्यांतले लोक खोकू लागले, आणि खोकल्यावरून पुन्हा काठ्या निघाल्या. तेव्हा पंचांनी चौघांनाही घोंगड्यांच्या आडोशाआड बसवलं. पट पाहायचा तो एकट्या पंचानेच. खेळणाऱ्यापुढे एक कोरा पट असे. पंच जवळ आला की त्यावर बोट ठेवून जागा दाखवायची. जागा मोकळी असली तर पंच मोठ्याने म्हणे, "बसला." तिथे आधीच खडा असला तर म्हणे, "भरलेलं आहे," आणि दुसरी जागा दाखवावी लागे. कोंडलेला खडा उचलला तर तेही पंच पुकारे, पण भरलेल्या जागेवरचा खडा कुणाचा, हे सांगत नसे. समोरच्याचा असेल, नाहीतर आपल्याच जोडीदाराचा. ज्याचं त्याने ओळखायचं.

अलीकडचं गाव दोन उन्हाळे हरलं होतं. यंदा गावाने गुणाजीला बसवलं. गुणाजी डोकेबाज होता, आणि ते कुणी विसरू नये याची तो काळजी घेई. जोडीला दिली बायजाकाकी. तिच्या खेळात चमक अशी काही नव्हती, पण चूकही नसे. तिची एक म्हैस गाभण होती. हिरवा चारा मिळाला तर ती दारात विणार, नाहीतर तिला लांब सोयऱ्यांकडे पाठवावी लागणार. काकीला मूलबाळ नव्हतं. म्हैस होती आणि डाव होता.

खेळाच्या आधी काकी गुणाजीला म्हणाली, "हे बघ, मी डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात सुरुवात करणार आणि काठाकाठाने सरकत जाणार. तू वरच्या अंगाने ये."

"काकी, दरवर्षी तुम्ही हेच करता. हे पलीकडच्यांनाही पाठ झालं असेल."

"होऊ दे की. तुला ठाऊक असलं म्हणजे झालं."

गुणाजी हसला. त्याला वाटलं, अशा खेळाने का कुरण मिळतं!

डाव सुरू झाला. गुणाजीने वरच्या अंगाला चांगले खडे टाकले. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, पंच आला तेव्हा त्याने खालच्या डाव्या काठावर बोट ठेवलं.

"भरलेलं आहे," पंच म्हणाला.

गुणाजीने बोट थोडं सरकवलं.

"भरलेलं आहे."

आता खरं तर सोपं होतं. काकी तिथे येणार म्हणाली होती, आणि तिथे खडे होते. पण सोप्या गोष्टीवर विश्वास ठेवायला गुणाजीचं डोकं तयार होईना. तो मनात म्हणाला, 'काकी इतक्या लवकर इथवर कशी पोचेल? पलीकडच्यांना तिची चाल माहीत आहे. त्यांनीच आधी येऊन काठ धरला असणार. बिचारी काकी कोंडली गेली!' पंच समोर थांबला होता. वर परत जायचं की इथे लढायचं, हे गुणाजीला त्या क्षणी ठरवायचं होतं. त्याने शेजारच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

"बसला," पंच म्हणाला, जरा हळूच.

मग गुणाजीने वेढा घालायला घेतला. वरचं अंग त्याने सोडूनच दिलं. एकेक खडा टाकून तो त्या काठाला कोंडत चालला. काकीच्या आडोशातून पुन्हापुन्हा "भरलेलं आहे" ऐकू येई आणि गुणाजीला चेव येई. 'थांबा काकी, आलोच!' पलीकडच्यांच्या आडोशांतून मात्र ते शब्द फारसे येत नव्हते. त्यांचे खडे बिनबोभाट बसत होते. गुणाजीला वाटलं, नशीब बघा लोकांचं. इतका कोंडूनही एक गारगोटी उचलली जात नाही, याचाही त्याने अर्थ लावला. शत्रू फारच चिवट आहे म्हणून त्याने वेढा आणखी दाट केला.

पंच सगळं पाहत होता. उपरण्याने तो सारखा कपाळ पुसत होता. पण त्याला बोलायची मुभा नव्हती.

घेरायच्या जागा संपल्या. घोंगड्या काढल्या. चौघं पटाभोवती आले आणि दोन्ही गावं त्यांच्या मागे दाटली.

खालच्या कोपऱ्यात काकीच्या काळ्या खड्यांची एक सरळ ओळ होती. तिच्याभोवती काळ्याच खड्यांची जाड भिंत होती. आत एकही गारगोटी नव्हती. भिंतीबाहेरही जवळपास कुठे नव्हती. वरचे गुणाजीचे एकटे पडलेले खडे धरून उरलेला सगळा पट गारगोट्यांनी घेरला होता.

पलीकडच्या गावाकडून खेळले होते ते दोघं भाऊ होते, साधेच खेळणारे. त्यांतला थोरला ओशाळून म्हणाला, "आम्ही त्या कोपऱ्यात फिरकलोच नाही. बायजाकाकी तिथं बसतात, हे कुणाला ठाऊक नाही? तिथं जाऊन करायचं काय?"

गुणाजीला तोंड वर करवेना. दिवसभर तो लढला होता, आणि जिच्याशी लढला ती त्याच्याच बाजूची होती.

"काकी, मला वाटलं ते त्यांचे खडे आहेत," तो म्हणाला. "तुम्हाला सारखं 'भरलेलं आहे' ऐकू येत होतं, तेव्हा तुम्हाला नाही तसं वाटलं?"

काकी म्हणाली, "नाही रे बाबा. मला वाटायचं, माझा गुणाजी माझ्या आधी येऊन बसलाय. दरवेळी जिवाला बरं वाटायचं."

त्या आठवड्यात काकीने म्हशीला दावं लावलं आणि ती सोयऱ्यांच्या गावाला निघाली. गुणाजी चाऱ्याची पेंढी डोक्यावर घेऊन मागून चालला होता.

तात्पर्य एवढंच: आपलं माणूस दिसत नसलं, की ते सांगितल्या जागी आहे असं आधी धरून चालावं. नाहीतर शत्रू निवांत राहतो आणि आपण आपल्याच माणसाला कोंडत बसतो.