साळूचा आखूड फटका

फार पूर्वी माळावरचे प्राणी एक खेळ खेळत. काठीने चेंडू मारत तळ्यापलीकडच्या खड्ड्यात घालायचा, आणि ज्याचे फटके कमी तो जिंकला. त्या उन्हाळ्यात मात्र पैज भारी होती. जो हरेल त्याच्या कळपाने तळं सोडून जायचं.

साळिंदरांचा पट्टीचा खेळाडू ऐनवेळी लंगडला, म्हणून नवशिक्या साळूला उभं केलं. समोर कोल्हा होता. त्याने पहिलाच चेंडू तळ्यावरून पलीकडे उडवला.

"साळू, तूही वरूनच मार!" सगळे ओरडले.

साळूने तळ्याची रुंदी पाहिली आणि चेंडू हळूच काठाच्या गवतात मारला.

"भित्री!" कोल्हा हसला.

"लाज घालवलीस," तिचा काका कळवळला.

"काका, खेळायला मला उभं केलंय. मग मला जमतं तेच खेळेन. बघवत नसेल तर डोळे मिटा."

ती काठाकाठाने पुढे सरकत राहिली. तिकडे कोल्ह्याचा चेंडू बाभळीमागे अडकला होता. बाजूने काढता आला असता, पण सगळे बघत होते. त्याने सरळ टोला हाणला. चेंडू खोडावर आपटून तळ्यात गेला. चिडून त्याने दुसरा घेतला, तोही बुडाला, मग आणखी एक; फटके वाढतच गेले. तोवर साळूने त्याच्याहून कमी फटक्यांत आपला चेंडू खड्ड्यात घातला होता.

काकाने तिला जवळ घेतलं. "जिंकलीस गं! तळं आपलंच राहिलं. पण पुढच्या वेळी वरून मार हं, शोभून दिसतं."

"पोचेल अशी खात्री झाली की मारेन," साळू म्हणाली. "तुम्ही ओरडता म्हणून नाही."