लहानू आणि टांकसाळीची चूक

एका गावात एक भोळा राहायचा. नाव लहानू, देह मात्र पैलवानाचा. डोकं म्हणाल तर नवंकोरं, कधी वापरलंच नव्हतं. कुणी काही सांगितलं की तो शब्दाला शब्द धरून करायचा. त्याची बायको चांगुणा. तिला एकच ध्यास, दारात दुभती म्हैस हवी. पोरं कोरा चहा पिऊन कंटाळली होती.

एक दिवस तिला उतरंडीच्या तळाशी विचित्र रुपया सापडला. ठसा एका बाजूला सरकलेला, अर्धं नाणं कोरं. आठवडी बाजारात हिराचंदशेठ जुनी नाणी घ्यायला बसत. ती नवऱ्याला म्हणाली, "शेठला नुसतं इचारून या, असलं काय घेता का."

शेठ म्हणाले, "सरकारी टांकसाळीत पाडतानाच चुकलेलं नाणं असेल तर आण. म्हशीचे पैसे देतो."

लहानू घरी आला. एक धडधाकट रुपया घेतला, दगडावर ठेवला आणि घणानं चुकवला. पुढच्या बाजारी शेठपुढं ठेवला.

"अरे, हा तर बिघडवलेला! इकडं घाव घातला की तिकडंही दबतं. खरी चूक जन्माची असते. दोन्ही बाजू बघत जा."

वाटेत पाटील भेटले. गाडीवरून पडून त्यांचा उजवा गाल टम्म सुजला होता. लहानूनं उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मग हात जोडून म्हणाला, "पाटील, तिकडं कायबी दबलं न्हाई. म्हंजे तुमी जन्मापासनं असंच."

पाटलांच्या हातात काठी होती. ती कामी आली.

पाठ शेकत लहानूनं विचार केला. चूक जन्माची हवी, आणि जन्मलेल्या बाळाला तर आधी न्हाऊ घालतात. त्यानं एका जुन्या रुपयाला चिंच आणि राख लावून न्हाऊ घातलं. पुढच्या बाजारी तो चकचकीत रुपया बघून शेठनी कपाळावर हात मारला.

"नाणं कधी घासू नये रे बाबा! मळ जिथल्या तिथं राहू दे. मळ गेला की मोल गेलं."

दुसऱ्या दिवशी चांगुणेच्या माहेरची माणसं जेवायला आली. लहानूनं ताटं मांडली, कालची, तशीच.

"दाजी, ताटं खरकटी हाईत," मेहुणा म्हणाला.

"असू द्या पाव्हणं. मळ गेला की मोल गेलं."

पाहुणे उपाशी परतले. चांगुणा त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दोन दिवसांचं बोलली.

पुढच्या बाजाराला तिनं तो सरकलेल्या ठशाचा रुपया त्याच्या उपरण्याच्या टोकाला बांधला. "ठोकू नका, घासू नका. शेठला द्या आन् म्हैस घिऊन या."

शेठनी भिंग लावलं. "ठसा सरकलाय, घावाची खूण नाही, वजन पुरेपूर, मळही शाबूत. अस्सल चूक!" त्यांनी म्हशीचे पैसे मोजले आणि लहानूची पाठ थोपटली. "ध्यानात ठेव गड्या, जन्माची चूक सोन्याची, नंतरची मोडतोड मातीची."

लहानूला भरून आलं. आजवर त्याच्या पाठीवर कुणी मायेनं हात ठेवला नव्हता. शेठचा शब्द घोकत तो गुरांच्या बाजारात शिरला.

पहिली म्हैस दोन्ही वेळा मिळून बारा लिटर दूध द्यायची. फक्त एक शिंग मोडकं.

"शिंग कवा मोडलं?"

"गेल्या साली, झुंजीत."

"म्हंजे नंतरची मोडतोड. नको."

दुसऱ्या म्हशीत काही खोट नव्हती. लहानूनं नाक मुरडलं. "हिच्यात तर चूकच न्हाई! मला जन्माची चुकलेली म्हैस पायजे."

एका व्यापाऱ्यानं हे ऐकलं. त्याचं एक जनावर सकाळपासून कुणी विचारत नव्हतं. तो लहानूच्या कानाशी लागला. लहानूनं जनावर दोन्ही बाजूंनी पाहिलं. घाव नव्हता. मळ जिथल्या तिथं होता. त्यानं सगळे पैसे दिले, वर उपरणंही दिलं.

दारात चांगुणा भाकरतुकडा घेऊन उभी होती. पोरं पेले घेऊन ओळीत बसली होती. तिनं जनावराच्या कपाळाला कुंकू लावलं, धार काढायला खाली वाकली आणि किंचाळली.

"आवं, ह्यो तर रेडा हाय!"

"हळू बोल, कुणी ऐकंल!" लहानूनं इकडंतिकडं पाहिलं. "बाजारात पन्नास म्हशी हुत्या, समद्या बिनचूक. घडताना चुकलेली ही एकलीच!"