न ओलांडलेली पन्हळ

एकदा एका सोमवारी पूजेच्या भांड्यांचा एक व्यापारी घरी आरती म्हणता म्हणता मस्तक धरून खाली बसला. पत्नीने त्याला रुग्णालयात आणले, तेव्हा तो ग्लानीत होता. थट्टा मात्र सुटली नव्हती.

"उपवासाचं पित्त चढलंय हो," पत्नी म्हणाली.

"डोक्यात काय आहे ते हिलाच विचारा," तो पुटपुटला. "मला कधी कळलंय?"

तेथील वृद्ध डॉक्टर मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील उपचारांत निष्णात आणि निस्सीम शिवभक्त. त्यांची तरुण शिष्या पित्ताचे औषध लिहू लागली, तोच गुरूंनी विचारले, "कळ हळूहळू चढली की एकाएकी?"

"एकाएकी. वाजती घंटा हातातून पडली."

गुरूंनी तत्काळ स्कॅन करविला. मेंदूभोवती रक्त पसरले होते. एका रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेला फुगा फुटला होता. तो पुन्हा फुटला तर प्राण जाणार. आणि त्याच्या तोंडालगतच वाणीच्या केंद्राला रक्त नेणारी शाखा निघत होती.

"कवटी उघडणार?" पत्नीने घाबरून विचारले.

"नाही, बाई. मांडीच्या धमनीतून शेवयीसारखी बारीक नळी वर नेऊ आणि फुगा आतूनच भरून टाकू."

पडद्यावर दृष्टी ठेवून गुरूंनी प्लॅटिनमच्या मऊ तारेची वेटोळी फुग्यात सोडली. तो भरत आला; तोंडापाशी किंचित जागा उरली. शेवटचे वेटोळे आत जाताना त्याचा वळसा शाखेच्या मुखाकडे डोकावला. गुरूंनी ते अलगद परत ओढले आणि नळी मागे घेतली.

"सर, एवढीशीच तर जागा होती!" बाहेर आल्यावर शिष्या म्हणाली. "काम अर्धं नाही का राहिलं?"

"शंकराला प्रदक्षिणा कशी घालतेस?"

"पिंडीच्या तीर्थाची पन्हळ येते तिथपर्यंत. ती न ओलांडता मागे फिरते."

"मग ती अर्धी?"

"नाही. शंकराची तीच पूर्ण."

"त्या पन्हळीतून देवाचं तीर्थ वाहतं. या शाखेतून त्या माणसाची वाणी वाहते, मुली. फुटलेली जागा झाकली गेली. उरलेल्या जागेवर लक्ष ठेवू. लागलं तर पुन्हा जाऊ. पण शाखा बुजली असती, तर आपलं चित्र पूर्ण दिसलं असतं आणि त्याला बायकोला हाक मारता आली नसती."

 शिष्येचे पुरते समाधान झाले नव्हते.

सकाळी व्यापाऱ्याने डोळे उघडले. पत्नी पदराचे टोक मुठीत आवळून उभी होती.

"काका, डोकं कसं आहे?" शिष्येने विचारले.

ओठ हलले, शब्द फुटेना. पत्नी पुढे वाकली.

"हिला... विचारा."

"लागले बाई बोलायला!" असे म्हणत ती रडता रडता हसली.

शिष्येने दाराकडे पाहिले. गुरू उंबरठ्यापर्यंत आले होते. त्या दोघांना पाहून ते तेथूनच हळूच मागे फिरले. तिने उभ्या जागीच हात जोडले.

आपल्या हातून कुणाचे भले होत असते तेव्हाही वाटेत एक पन्हळ येते. तिच्यापाशी पाऊल मागे घेणे, हीदेखील सेवाच.