भाजलेला डोंगर

त्या डोंगराचं नावही आता कुणाला आठवत नाही, इतकी जुनी ही गोष्ट. त्याच्या पायथ्याशी एक शेतकरी, त्याची बायको आणि त्यांची मोरी नावाची म्हैस राहत. घरामागे एक झरा होता. उन्हाळा कितीही तापला तरी तो आटत नसे.

दरवर्षी पेरणीआधी शेतकरी राब भाजायचा. म्हणजे अंगणाएवढ्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून ते जाळायचा. तिथं भाताचं रोप कसं तरारून यायचं!

एका वर्षी राब भाजता भाजता त्याची नजर डोंगराकडे गेली. "एवढ्याशा तुकड्यात इतकं येतं, मग सगळा डोंगरच भाजला तर? मोरी गवतात बुडून जाईल बघ."

बायको म्हणाली, "अहो, राबाजवळ आपण घागर घेऊन उभे असतो. वरचा पाला जळाला की झालं. डोंगराला कोण राखणार?"

"तू भाकरी भाज. डोंगर मला भाजू दे," तो हसून म्हणाला.

त्यानं कोलीत लावलं. वारा सुटलेला. आग गवतातून झुडपांत शिरली आणि खाली मुळांत धुमसत राहिली. विझली तेव्हा डोंगर तव्यासारखा काळा पडला होता.

पाऊस लागला. राख आणि माती घेऊन काळं पाणी उतारावरून धावत आलं. भाताचं रोप गाळाखाली गेलं. उघडीप मिळताच दोघं डोंगरावर चढली. शेतकऱ्यानं बोटानं माती उकरली. वरची राख ओली, खाली मात्र कोरडं पीठ! त्यानं त्यावर ओंजळभर पाणी टाकलं. अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे थेंब घरंगळून गेले.

एका कोपऱ्यात करवंदीची जाळी आगीतून वाचली होती. तिच्याखालची माती मऊ होती, मुळांनी आणि किड्यांनी भोकं पाडलेली. बायकोनं तिथं पाणी ओतलं. ते गटकन आत गेलं.

"ही पिते," बायको हळूच म्हणाली. "ती प्यायचं विसरली."

हिवाळा सरतो न सरतो तोच झरा आटला. मोरी कोरडे दगड हुंगायची आणि त्याच्याकडे बघून हंबरायची. नदीवरून घागरी वाहताना त्याला ते हंबरणं लांबूनही ऐकू यायचं.

मग तो कामाला लागला. उतारावर आडवे दगड रचले. राबापुरता पाला ठेवून बाकीचा पाटीत भरून डोंगरावर नेला आणि काळ्या मातीवर अंथरला. दरवर्षी हेच. मोरी म्हातारी झाली, तिच्या रेडीची म्हैस झाली. गवत उगवलं, झुडपं फुटली.

एके दिवशी त्यानं पाचोळा बाजूला सारून ओंजळभर पाणी ओतलं. थेंब क्षणभर थबकले आणि आत उतरले.

"अगं ए, लवकर ये! प्याली!"

"कोण, मोरी?" बायकोनं खालून विचारलं.

"मोरी नव्हे गं, माती!"

त्या उन्हाळ्यात झऱ्याला करंगळीएवढी धार राहिली. म्हातारी मोरी तिथंच उभी राहून पोटभर पाणी प्यायली.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: जे वाफ्याला मानवतं ते डोंगराला मानवेलच असं नाही. आग एका दुपारी लावता येते, पण भाजलेल्या मातीला पुन्हा पाणी प्यायला शिकवताना माणूस म्हातारा होतो.