एका पानावर दोन तळहात

ज्या काळी सहीऐवजी शाईत बुडवलेला तळहात उमटवत, त्या काळची ही फार जुनी गोष्ट. एका नदीकाठच्या नगरात एक रंगारीण राहत होती. तिच्या अंगणात तांब्याच्या तीन मोठ्या कढया होत्या. एकीत मंजिष्ठ उकळे, दुसरीत हळद, तिसरीत डाळिंबाची साल. तिने रंगवलेले लुगडे विरायचे, पण रंग उडायचा नाही.

शेजारी एक कापडवाला राहायचा. तो तिला अक्का म्हणे. गोड बोलणारा, दहा बाजार फिरलेला माणूस. दोघांनी भागीदारी केली. अक्काने रंगवायचे, याने विकायचे, नफा निम्मा निम्मा. सूत घ्यायला पैसा लागे, म्हणून दोघे सावकाराच्या पेढीवर गेले. सावकाराने वहीचे एक कोरे पान उघडले.

"दोघंही तळहात उमटवा," तो म्हणाला. "मग दोघांपैकी कुणीही यावं आणि उचल घेऊन जावं."

रंगारिणीने तळहात उमटवला, घरी आली आणि कढईखालचा जाळ सारखा करायला बसली. पुढची सहा वर्षे ती पेढीची पायरी चढली नाही. आपला माणूस आहे, बघतोय ना तो, असे ती म्हणे. शहाण्या बाईने असे म्हणू नये. पण खरे सांगा, आपण सगळेच म्हणतो की नाही?

कापडवाला मात्र पेढीची पायरी झिजवत होता. आधी सुतासाठी उचल घेतली. मग घोड्यासाठी. मग घोड्याला शोभेल अशा घरासाठी. शेवटी दूरच्या बंदरातल्या कापसाच्या भावावर पैज लावली आणि सगळे घालवून बसला.

त्या राज्यात एक कायदा होता, आणि तो चांगला होता. ज्याचा धंदा बुडाला त्याने भर दुपारी आपल्या उंबरठ्यावर दिवा लावायचा आणि घराच्या किल्ल्या राजाच्या शिपायाला द्यायच्या. घरात असेल नसेल ते विकून ज्याचे त्याला देत. त्यानंतर त्याच्या दाराशी वसुलीला कुणी जायचे नाही. पडलेल्या माणसाची पोरेबाळे उपाशी मरू नयेत, म्हणून एका दयाळू राजाने तो केला होता.

एके दुपारी कापडवाल्याने दिवा लावला. अक्काला इतके वाईट वाटले की दिव्याचे तेलही तिनेच नेऊन दिले.

"रडू नकोस रे," ती म्हणाली. "कर्ज गेलं, पान मिटलं. माझ्या कढया आहेत. पुन्हा उभं राहू."

तिसऱ्या दिवशी सावकार तिच्या अंगणात आला. पुढे केलेले पाणीही न घेता म्हणाला, "बाई, तीनशे मोहरा."

"कसल्या?"

"तुमच्या पानावरच्या. त्याचं घर आणि घोडा विकून आले ते वजा करून एवढ्या राहिल्या."

"मग माझ्या वाट्याच्या दीडशे म्हणा."

"पानावर वाटे कुठं आहेत? पान एक, कर्ज एक. तो सुटला. राहिलात तुम्ही."

रंगारिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंगाने भरलेल्या हातांनीच ती तडक न्यायाधीशाच्या चावडीवर गेली. सावकार वही काखोटीला मारून मागोमाग आला. बघता बघता अर्धे नगर जमले.

"महाराज," ती म्हणाली, "खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं खाल्लं एकानं आणि गळा माझा धरलाय. मी एक कवडी उचलली नाही. दिवा लागल्यावर कर्ज विझतं ना?"

न्यायाधीश म्हातारा होता, आणि वाईट माणूस नव्हता. त्याने पान पाहिले.

"ज्यानं दिवा लावला त्याच्यापुरतं विझतं, बाई. हा दुसरा तळहात तुझाच ना?"

"माझाच."

"कुणी हात धरून उमटवला?"

"नाही."

"मग सगळं कर्ज तुझ्यावर."

रंगारीण सावकाराकडे वळली. "सावकार, एक सांगा. तो बुडतोय हे तुम्हाला कधी कळलं?"

सावकार हिशेबात खोटे बोलत नसे. "दोन वर्षं झाली असतील," तो म्हणाला.

"मग देत का राहिलात?"

"तुमच्या कढया उकळत होत्या म्हणून."

न्यायाधीशाने मान खाली घातली. मग हलकेच म्हणाला, "बाई, हे पान पुढं चालवू नका असं तू एकदा पेढीवर सांगितलं असतंस, तर त्यानंतरची उचल तुझ्या माथी आली नसती."

"हे मला कुणी सांगितलं?"

"तू विचारलंस का?"

"नाही विचारलं. ही माझी चूक, आणि ती मी फेडीन," रंगारीण म्हणाली. "पण दोन वर्षं डोळ्यांनी पाहून यांनी सांगितलं नाही, याला चूक म्हणत नाहीत, महाराज. याला पाप म्हणतात."

निकाल बदलला नाही. संध्याकाळी सावकाराची माणसे दोन कढया उचलून घेऊन गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी, कायद्यातल्या एकाही अक्षराला धक्का न लावता.

पण चावडीतले शब्द अर्ध्या नगराने ऐकले होते. दुसऱ्या दिवशी पेढीसमोर रांग लागली. भाऊ आले, जावा आल्या, सासरे-जावई आले. "आमचं पान वाचून दाखवा," असे जो तो म्हणू लागला. दिवस मावळेपर्यंत सावकाराचा घसा बसला आणि चाळीस पाने बंद झाली. पान मोठ्याने वाचल्याशिवाय त्या पेढीवर नंतर कुणी तळहात उमटवला नाही.

रंगारीण एका कढईवर राबत राहिली. उरलेल्या मोहरा फेडायला तिला पाच वर्षे लागली. कापडवाला तोवर सुखाने झोपत होता. शेवटची मोहर फिटल्याचे कळले, तसा तो हसत हसत अंगणात आला.

"अक्का, झालं गेलं गंगेला मिळालं. राजाच्या कायद्यानं मी मोकळा आहे. चल, पुन्हा भागीदारी करू."

"राजानं तुला मोकळं केलं," रंगारीण म्हणाली. "मी केलेलं नाही. कापड हवं असेल तर आधी रोख मोज, मग ने."

त्याच्याकडे रोख पैसे नव्हते. तो गेला, आणि तिने अंगणाचे फाटक लावून घेतले.

तात्पर्य : सामाईक खात्यात नफा निम्मा मिळतो, कर्ज मात्र प्रत्येकावर सगळेच्या सगळे असते; म्हणून ज्या पानावर आपला तळहात आहे, ते पान दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नये.